तांब्या दिसतो कसा?

पाटावर पितळी तांब्या ठेवून एखाद्या मुलाला त्याचे चित्र काढावयास सांगितले, तर बहुधा तो तांब्याचे तोंड पुरते वाटोळे काढतो आणि बूड मात्र सरळ रेघेने आखतो. त्याचा हात कच्चा असतो हे खरे; परंतु मूळ चूक हाताची नव्हे. तोंड गोल असते आणि बूड पाटावर सपाट टेकते, हे त्याला ठाऊक असते. डोळ्यांना दिसले ते सोडून मनाला ठाऊक असलेले तो कागदावर उतरवतो.

म्हणून वस्तुचित्रणाचा पहिला धडा पाहण्याचा आहे. जमिनीवरचा तांब्या वरून पाहिला, तर त्याचे तोंड जवळजवळ गोल दिसते. तोच हळूहळू वर उचलला, की ते लंबवर्तुळाकार होत अरुंद होत जाते; तोंड डोळ्यांच्या पातळीला आले, की केवळ एक आडवी रेघ उरते. बूड या पातळीच्या आणखी खाली असते. म्हणून त्याची कड सरळ न दिसता खाली वाकलेली दिसते.

दुसरा धडा मापाचा. एक डोळा मिटावा, हात ताठ ठेवून पेन्सिल समोर धरावी, तांब्याची रुंदी अंगठ्याने तिच्यावर मोजावी आणि ती उंचीत कितीदा बसते ते पाहावे. कोपर वाकले, की माप बिघडते. वस्तूभोवतीची मोकळी जागाही पाहावी. कपाच्या कानातील पोकळी नीट साधली, की कानही साधतो. छायाप्रकाश त्यानंतरचा.

एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी अनेक मुले फळ्यावरचा तांब्या पाठ करतात. परीक्षेत तांब्या निराळ्या उंचीवर असतो, आणि प्रत्येक बाकावरून तो निराळा दिसतो. पाठ केलेले चित्र तेथे निरुपयोगी ठरते, आणि ‘आपल्याला चित्रकला येत नाही’ असा कायमचा समज करून घेऊन मूल घरी परतते. वास्तविक त्याला पाहावयास कोणी शिकवलेलेच नसते.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझान (१८३९–१९०६) सफरचंदे आणि सुरया यांसारख्या साध्या वस्तू वर्षानुवर्षे पुनःपुन्हा रंगवीत राहिला. घरातील एकच तांब्या आठवडाभर रोज निराळ्या उंचीवर ठेवून, खोडरबर न वापरता, ज्याने काढून पाहिला, त्याला यामागचे कारण निराळे सांगावे लागणार नाही.