समुद्रपातळीची अखंड नोंद
समुद्राची पातळी वर्षाला काही मिलिमीटरच वाढत असल्याने, जुना उपग्रह थकून नवा आला की दोघांच्या मापनातला किरकोळ फरकही खऱ्या वाढीवर पांघरूण घालू शकतो. म्हणूनच अमेरिका व फ्रान्स यांच्या १९९२च्या टोपेक्स-पोसायडन मोहिमेपासून सुरू झालेल्या मालिकेतील नवा उपग्रह सुमारे १,३३६ किलोमीटर उंचीवरील त्याच कक्षेत आधीच्या उपग्रहासोबत काही काळ फिरवला जातो. २०२० साली सोडलेला युरोप-अमेरिकेचा सेंटिनेल-६ तर आधीच्या जेसन-३ उपग्रहाच्या जेमतेम ३० सेकंद मागे राहून त्याच पाण्यावर रडार-स्पंद, म्हणजे सूक्ष्मलहरींचे क्षणिक झोत, सोडत होता आणि ते परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढत होता. वरकरणी उधळपट्टी वाटणारी ही पुनरुक्तीच खरी मोलाची. २०१३मध्ये श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या भारत-फ्रान्सच्या ‘सरल’ या समुद्रपातळी मोजणाऱ्या उपग्रहाने मात्र ध्रुवांच्या अधिक जवळ जाणारी वेगळी कक्षा धरली.