पाय कुठं ठेवू?

पहाटे 5. मोहाच्या दिवसांत भामरागडात गजर लावावा लागत नाही. शेजारची म्हातारी टोपली घेऊन निघते, तिच्यामागं तिचं कुत्रं भुंकत निघतं, आणि मी उठतो. एप्रिलात अर्धा तालुका या वेळी मोहाखाली वाकलेला असतो आणि उरलेला अर्धा लग्नाला निघालेला. मी दुसऱ्या अर्ध्यातला. डीजेवाला.

6.30. पिकअप भरायची. चार बेस, दोन टॉप, दोन ॲम्प्लिफायर, जनरेटर, वायरींचं पोतं. मिक्सर आणि लॅपटॉप मात्र गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. माझ्याबरोबरचा पोऱ्या माडिया आहे, बारावीत एकदा अडकलेला, पण दोर असा आवळतो की खड्ड्यात गाडी आपटली तरी बॉक्स हलत नाही. आज लाहेरीच्या बाजूला जायचं. उन्हाळ्यात या कामाचं बरं असतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की आमचं गाव बाहेरच्या जगापासून तुटतं आणि बॉक्स घरात धूळ खातात.

9 वाजता पोचलो. मांडवात चहा, मग काम. जनरेटर घरामागं लांब ठेवायचा, नाहीतर त्याची घरघर लोकांना गाण्याआधी ऐकू येते. अर्थिंगला सळई ठोकून तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं. हे मी वडशाला शिकलो. मी तिकडचाच. तिथं दिवाळी ते होळी झाडीपट्टीची नाटकं चालतात. रात्री दहाला पडदा वर जातो आणि लोक उजाडल्यावर घरी जातात. त्यात मी तीन हंगाम ऑक्टोपॅड वाजवला. पोस्टरवर नटांचे फोटो, आमची नावं खाली एका ओळीत, तीही शाई पुरली तर. पण लावणीला ‘वन्स मोअर’ आला की तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा, बाई दमेपर्यंत नाही, पब्लिक दमेपर्यंत, हे तिथंच हाताला लागलं. पुढं नागपूर-दुर्गकडच्या धुमाळ पथकांनी ट्रकवर कीबोर्ड आणि पॅड चढवून गावोगावचे बँड मोडीत काढले. मग आम्ही आलो आणि धुमाळाच्या पोटावर पाय दिला.

11. साउंड चेकिंग. त्यासाठी माझं एकच गाणं आहे आणि त्याचं नाव पाहून पोऱ्या दरवेळी हसतो: ‘ब्रा’. वाजवणाऱ्यांच्या बोलीत त्याचा अर्थ ‘भाऊ’. वाजवणारा बँड लंडनचा, सिमांडे, 1971 साली जमलेला. पोरं सगळी गयाना, जमैका, सेंट व्हिन्सेंट अशा बेटांवरून-किनाऱ्यांवरून आलेल्या घरांतली. बँडचं नाव एका कॅलिप्सो गाण्यातून घेतलेलं, अर्थ कबुतर. पहिली तबकडी 1972 ची. अमेरिकेत त्यांचं ‘द मेसेज’ चाललं, पण राहत्या देशानं फारसं विचारलं नाही. 1974 च्या तिसऱ्या तबकडीनंतर बँड विस्कटला. बेसवाला स्टीव्ह सिपिओ आणि गिटारवाला पॅट्रिक पॅटरसन पुढं वकील झाले.

खरी गंमत त्यानंतरची. ‘ब्रा’च्या मध्ये एक मोकळी जागा आहे, नुसता ठेका आणि बेस. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधले डीजे त्याच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन ती जागा लांबवायचे. एक संपत आली की दुसरी सुरू. 1989 ला डे ला सोल नावाच्या रॅप मंडळींनी ‘ब्रा’चाच तुकडा आपल्या गाण्यात घेतला, 1996 ला फ्यूजीजनी सिमांडेच्या ‘डव्ह’चा. तेव्हा बँड बंद, तुकडे चालू. कुणाचा तुकडा, कुणाचा पैसा, हे ठरवताना वकिली कामाला आली असेल असं मला उगाच वाटतं.

उगाच तरी कसं म्हणू? गेल्या वर्षी एका लग्नात बायका नाचत रेला गाणं म्हणत होत्या आणि मी मोबाईलवर बारा सेकंदांची क्लिप भरून घेतली. घरी येऊन 92 च्या लयीवरून 124 वर नेली, खाली ठोका टाकला, फिरवत ठेवली. ती आता आलापल्लीपर्यंत प्रत्येक मेमरी कार्डात आहे. आवाज कुणाचा, कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आजचं गाव तेच आहे.

दुपारी जेवण, सावलीत झोप.

4.30. ऊन उतरलं, पोरं गोळा झाली, ‘भाऊ, तो रेला लाव’ सुरू. लावला. धूळ उडाली. तिसऱ्या फेरीला एक आजी बॉक्ससमोर येऊन उभी राहिली. बाजूला नात, हसून हसून वाकडी. मी आवाज कमी केला.

“आवाज माझाच आहे जी,” आजी म्हणाली. “पण पाय कुठं ठेवू?”

मला कळलं नाही. तिनं नातीच्या कमरेत हात घातला आणि बॉक्सकडं पाठ करून दाखवलं. ओळ म्हणायची, थांबायचं. त्या थांबण्यात श्वास, त्यातच गुडघा किंचित वाकतो आणि पाऊल मागं येतं. मग पुढची ओळ. मी गाणं गोल फिरावं म्हणून तो श्वासच कापून टाकला होता. अर्ध्या सेकंदाची जागा. लॅपटॉपच्या पडद्यावर ती रिकामी दिसते, म्हणून काढली. दुसऱ्यांच्या गाण्यातली मोकळी जागा रोज ऐकणारा मी, हातातली मात्र फेकून दिली.

6.30. पोऱ्याला मिक्सरवर बसवलं आणि पिकअपमागं लॅपटॉप उघडला. मूळ फाईल होती, नशीब. लय 96 वर आणली. श्वास परत ठेवला. ठोका सगळीकडं न टाकता फक्त जिथं पाऊल पडतं तिथं. एवढ्याला दीड तास गेला, कारण पाऊल यंत्राच्या मोजणीत बसेना. ते जरासं उशिरा पडतं. शेवटी मोजणी बंद केली आणि आजीला आठवून हातानं ठोका ठेवला.

8.30. लावलं. “भाऊ, स्लो झालं,” पोरांनी लगेच तोंड वाकडं केलं, दोघं-तिघं गोरगा प्यायला निघून गेले. बायकांची मात्र रांग धरली गेली. चुलीजवळच्या उठल्या, नवरीकडच्या आल्या. दहा मिनिटांनी पोरांनी जुनं मागितलं आणि मी जुनं लावलं. बिदागी देणारे तेच आहेत.

आजीला बाजूला बोलावून पाचशेची नोट दिली. तिनं आढेवेढे न घेता ती कमरेला खोचली.

“आमी चौघी होतो,” म्हणाली.

रात्री 10. 2000 सालच्या नियमानं या वेळेनंतर भोंगा बंद. जनरेटर बंद केला, कान मोकळे झाले. मांडवापलीकडं ढोल सुरूच होता, रांग तशीच, आणि तिच्या टोकाला माझा पोऱ्या. हाक मारली, ऐकू गेली नसावी. वायरी मी एकट्यानंच गुंडाळल्या. खिशात डिझेल आणि गाडीभाडं वजा जाता चार नोटा. त्यातल्या तीन देऊन टाकायला आजीला शोधत निघालो.