पाय मोजा, प्राणी ओळखा

प्राणिशास्त्राचा पहिला धडा गिरवायला प्रयोगशाळा लागत नाही. घराचा कोपरा पुरतो. साखरेच्या डब्याशी आलेली मुंगी नीट पाहा. डोकं, छाती, पोट असे शरीराचे तीन भाग आणि पाय सहा. म्हणजे ती कीटक. आता वर जाळ्यातला कोळी पाहा. शरीराचे भाग दोनच, पाय मात्र आठ. म्हणून कोळी कीटक नव्हे. तो विंचवाचा भाऊबंद. बाजारातल्या खेकड्याचे नांग्यांसह पाय दहा. गोमेच्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, तर पावसाळ्यात निघणाऱ्या वाणीच्या बहुतेक खंडांना दोन-दोन.

या सगळ्यांत समान काय? सांधे असलेले पाय आणि हाडांऐवजी अंगावर कडक कवच. म्हणून हे सारे ‘संधिपाद’. कवच अंगाबरोबर वाढत नाही, त्यामुळे ते टाकून नवं धरावं लागतं. कपाटामागे सापडणारी, पाठीवर उभी चिरलेली झुरळाची पोकळ कात हा त्याचाच पुरावा.

साम्य शोधायचं, फरक मोजायचा, मग गट ठरवायचा. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं दिली, तीही अशाच बारकाईच्या निरीक्षणातून. आज संध्याकाळी दिव्याभोवती जे येईल, त्याचे पाय मोजून पाहा.