खिशात तीस रुपये, वाजले पावणेबारा

सकाळी सातची एसटी पकडायची म्हणून घरून नुसता चहा पिऊन निघालात. बसमध्ये उभ्यानं आलात, दोन लेक्चर झाली, एक ऑफ गेलं. आता पावणेबारा वाजलेत, दीडला प्रॅक्टिकल आहे आणि खिशात आहेत तीस रुपये. पास असल्यामुळे परतीच्या तिकिटाची चिंता नाही, एवढंच काय ते बरं. तर सांगा, खाणार काय?

मूर्तिजापुरात शिकणाऱ्या, आणि त्यातही कारंजा-दर्यापूरच्या रस्त्यांवरच्या खेड्यांतून रोज ये-जा करणाऱ्या पोरापोरींना हा प्रश्न नवा नाही. पण तो कोणी मोठ्यानं विचारत नाही. "जेवला का बे?" असं मित्रानं विचारलं की आपण "झालं ना" म्हणून मोकळे. आमच्या बॅचची एक मुलगी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये भोवळ येऊन पडली होती. सगळे म्हणाले, ॲसिडच्या वासानं झालं असेल. तिनं नंतर सांगितलं, आदल्या रात्रीपासून पोटात फक्त चहा आणि अर्धा समोसा होता. उरलेला अर्धा तिनं मैत्रिणीला दिला होता.

म्हणून आज या पानावर करिअर नाही, फॅशन नाही. आज फक्त पोटाचं बोलू.

मोबाइलवर शोधायला जाल तर हायवेवरचे ढाबे आधी दिसतील, चार-साडेचार तारेवाले. ते ज्याच्याकडे बाइक आहे आणि बिल भरणारा दोस्त आहे त्याच्यासाठी. गावातली खरी स्वस्त ठिकाणं मॅपवर सापडत नाहीत, कारण त्यांतल्या कित्येकांना पाटीसुद्धा नसते. मीही इथे एकाही हॉटेलचं नाव देणार नाही. आज नाव छापलं आणि उद्या तिथला आचारी सोडून गेला तर शिव्या मला बसतील. ठिकाण ओळखायचं कसं, ते सांगतो. तेवढं जमलं की मूर्तिजापूरच काय, उद्या अकोल्याला किंवा पुण्याला गेलात तरी उपाशी राहणार नाही.

सुरुवात स्टेशन विभागापासून. जुनी वस्ती वेगळी आणि स्टेशन विभाग वेगळा, हे इथल्या माणसाला सांगायला नको. स्टेशनकडे गर्दी आधीपासूनच, कारण आपलं स्टेशन जंक्शन. मुंबई-नागपूरची मोठी लाइन इथून जाते, आणि इथूनच नॅरोगेजची शकुंतला एका बाजूला यवतमाळला आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला जायची. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं कापसासाठी टाकलेली ही लाइन. यवतमाळकडे सुमारे 113 किलोमीटर, अचलपूरकडे 76 च्या आसपास. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. जंक्शन म्हणजे गाडी बदलणारी माणसं, आणि गाडी बदलायची म्हणजे थांबायचं. थांबलेल्या माणसाला भूक लागते, आणि त्याच्याकडे वेळ असतो पण पैसा फारसा नसतो. आता शकुंतला बंद आहे, रुळांवर गवत आहे, पण तो गिऱ्हाईक गेलेला नाही. फक्त आता तो तुम्ही आहात.

पहिला धडा घड्याळाचा. सकाळी आठ ते दहा हा नाश्त्याच्या गाडीचा खरा वेळ. तेव्हा तेल नवं असतं, पोहे नुकतेच उतरलेले असतात आणि आलूबोंडा कढईतून थेट तुमच्या प्लेटमध्ये येतो. तोच आलूबोंडा दुपारी दोनला घ्याल तर तो दुसऱ्यांदा तळलेला असण्याची शक्यता जास्त. किंमत तीच, माल वेगळा. म्हणून पहिलं लेक्चर साडेदहाला असेल तर बसमधून उतरल्या-उतरल्या खाऊन घ्या. "नंतर खाऊ" म्हणणारा इथे हमखास फसतो.

आलूबोंडा कोरडा घेऊ नका. आपल्याकडे त्यावर रस्सा मिळतो, कुठे कढी मिळते, आणि थोडा रस्सा परत मागितला तर बहुतेक जण वेगळे पैसे लावत नाहीत. लाजायचं नाही. "भाऊ, थोडी तर्री अजून" एवढं म्हणायचं. वरून सांबार टाकून मिळेल. बाहेरगावाहून आलेल्यांसाठी खुलासा: वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याचा एक पाहुणा "सांबार टाकू का?" या प्रश्नाला "हो, वाटीत वेगळं द्या" असं म्हणाला होता. गाडीवाल्यानं खरंच वाटीभर कोथिंबीर दिली.

कचोरीचं थोडं वेगळं आहे. याच लाइनवर अकोल्याच्या पुढे शेगाव. तिथली कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं स्टेशनवर विकायला सुरुवात केली आणि गाड्यांच्या खिडक्यांतून ती महाराष्ट्रभर गेली. सोबत तळलेली हिरवी मिरची, झालं. प्रवासात टिकते, गार झाली तरी खाता येते. म्हणून दुपारी उशीर झालाच तर तळणातल्या पदार्थांत कचोरी त्यातल्या त्यात बरी. दही-चटणीत भिजलेला गिला वडा मात्र गर्दीच्या गाडीवरच खा. दही सकाळचं की कालचं, हे गर्दीच सांगते. अमरावतीवाले गिला वडा आपलाच म्हणून सांगतात. म्हणू द्या, खायला आपल्यालाही मिळतो.

आता जरा हिशेब. तोंड भरणं वेगळं आणि पोट भरणं वेगळं, हे वहीत मांडल्याशिवाय कळत नाही. समजा समोसा पंधराचा आणि चहा दहाचा. दोन समोसे आणि एक चहा, चाळीस रुपये. महिन्यात पंचवीस दिवस कॉलेज, म्हणजे हजार रुपये. हजार रुपये देऊन तुम्ही महिनाभर काय खाल्लं? मैदा, आलू आणि तेल. आणि तीन वाजता पुन्हा भूक लागलीच. स्वस्त वाटणारं खाणं महाग पडतं ते असं. म्हणून तळलेलं आठवड्यातून एक-दोनदा चवीसाठी ठेवा. रोजची भूक ताटानं भागवायची.

ताट कुठे मिळतं? आठवडी बाजाराच्या दिवशी, एसटी स्टँडच्या आसपास, ट्रकवाले आणि हमाल जिथे बसतात तिथे. अंगमेहनत करणारा माणूस जिथे रोज जेवतो तिथे भाकर जाड असते आणि वाढणाऱ्याचा हात सैल असतो. झुणका-भाकर, ठेचा, वांग्याची भाजी, पालकाची डाळभाजी, वरण-भात. कुठे फक्त झुणका आणि भाकर एवढंच असतं, पण त्यात जे पोट भरतं ते राइस प्लेटच्या सहा वाट्यांत भरत नाही. सहा वाट्यांतल्या तीन वाट्या लोणचं, पापड आणि गोडाच्या नावाखाली असतात, हे एकदा बारकाईनं पाहा. बसण्याआधी भाव विचारायचा, आणि सोबत "भाकर किती येतात, जास्तीची केवढ्याला" हेही विचारायचं. अशाच एका ठिकाणी मी उशिरा पोचलो होतो. मावशी म्हणाली, "भाजी सरली बाप्पा, झुणका देऊ का?" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "अजून अर्धी भाकर घे न, पैसे नाई मांगत." असं ठिकाण सापडलं की त्याचा पत्ता वर्गात सांगा, लपवून ठेवू नका. गिऱ्हाईक टिकलं तर मावशीही टिकेल.

आता एक गोष्ट पोरांना कळत नाही. पोरी या ठिकाणी बसत नाहीत. पंधरा पुरुष जेवताहेत, बाकडं एकच, येणारा-जाणारा पाहतोय, अशा ठिकाणी एकटी मुलगी जाऊन झुणका मागेल का? त्यामुळे पोरींच्या वाट्याला बिस्किटाचा पुडा येतो, किंवा काहीच नाही. लॅबमध्ये पडलेल्या मुलीचं कारण पैसे हे अर्धंच होतं. उरलेलं अर्धं हे. उपाय सोपे आहेत, फक्त कोणीतरी सुरू करायला हवेत. चार-पाच जणींनी मिळून जा, दुसऱ्या खेपेपासून तिथली माणसंच जागा करून देतात. नाही तर पार्सल घ्या, डबा घरून आणा म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम रस्सा घ्यावा लागत नाही. आणि कॉलेजात मुलींच्या कॉमन रूममध्ये बसून खायची सोय नसेल तर अर्ज करा. अर्जाला कागद लागतो एक, सह्या लागतात पन्नास.

जे गावात खोली करून राहतात त्यांच्यासाठी मेस. मेस लावताना सगळे "जेवण कसं आहे?" विचारतात. हा प्रश्न फुकट आहे, कारण पहिल्या आठवड्यात जेवण सगळीकडे चांगलंच असतं. विचारायचं ते हे: खाडा धरता का, धरत असाल तर किती दिवस आधी सांगायचं? रविवारी संध्याकाळी बंद आहे का? परीक्षेनंतर गावी गेलो तर उरलेले दिवस पुढच्या महिन्यात मिळतात का? पोळ्या मोजून की पोटभर? मी एका मेसमध्ये हे न विचारता महिन्याचे पैसे आधी भरले. तिसऱ्या आठवड्यात वरणात डाळ शोधावी लागायची, आणि दिवाळीचे आठ दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून मी पंधरा दिवसांचे पैसे देतो. ज्याला महिन्याचेच हवेत त्याच्याकडे आधी तीन दिवस रोखीनं जेवून पाहतो. दोघांत एक डबा लावणं हाही मार्ग आहे. पूर्वी शहरात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात घरोघरी मिंधेपणा होता. डबा वाटून खाण्यात तो नाही.

आणि शिवभोजन. ही थाळी सरकारनं 26 जानेवारी 2020 ला सुरू केली, दहा रुपयांत. ठरलेलं ताट असं: तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. सुरुवात जिल्ह्याच्या ठिकाणी झाली, पुढे तालुक्यांपर्यंत आली. कोणतं केंद्र सध्या चालू आहे आणि किती वाजेपर्यंत, हे तहसीलमधल्या पुरवठा विभागात विचारा. थाळ्यांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे उशिरा गेलात तर संपलेली असते. तरुण पोराचं त्यात पूर्ण पोट भरेल असं मी म्हणणार नाही. पण घरून आणलेली एक भाकर सोबत असली की भरतं.

अडचण पोटाची नसतेच, रांगेची असते. "कॉलेजवाले आणि इथे?" असं कोणी म्हणेल याची. माझा एक मित्र रांगेत उभा राहून तोंडाला रुमाल बांधायचा, उन्हाचं निमित्त करून. त्याला एकदा सांगितलं, अरे, ज्या तालुक्यात आपण शिकतोय त्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी डेबूजी वाढला, पुढे तो गाडगेबाबा झाला. तो दारात गेला की आधी काम करायचा, अंगण झाडायचा, लाकडं फोडायचा, मग भाकर मागायचा, आणि खापराच्या गाडग्यातच खायचा. मागून खाण्याची लाज त्याला वाटली नाही. मुंबईत दादरला त्याच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक आजही थांबतात. आपण तर दहा रुपये मोजून खातोय. मित्र म्हणाला, "भाषण नको देऊ, रांग पकड." पण रुमाल त्या दिवशी खिशात राहिला.

वसतिगृहात नंबर न लागलेल्यांनी स्वाधार आणि स्वयम् या योजनांची चौकशी कॉलेजच्या ऑफिसात जरूर करावी. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना त्यांत राहण्यासोबत जेवणाचेही पैसे मिळतात. नियम आणि मुदती बदलत असतात, म्हणून जुन्या सिनियरच्या भरवशावर राहू नका.

स्वस्त खाताना तब्येतीचं थोडं पाहायचं. तळणाच्या तेलातल्या पोलर कंपाउंडची मर्यादा कायद्यानं 25 टक्के आहे, 2018 च्या जुलैपासून. ती तुम्हाला-मला मोजता येत नाही. पण तेल काळं आणि चिकट झालंय, कढई नुसतीच धुरावतेय, फेस बसत नाही, एवढं दिसतं. दिसलं की पुढच्या गाडीवर. आणि भजे पेपरात बांधून घेऊ नका. छपाईच्या शाईत शिसं असू शकतं, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2023 मध्ये पुन्हा बजावलंय. हे पान वाचून झाल्यावर पुस्तकाला कव्हर घाला, खिडकीची काच पुसा, पण त्यात कचोरी नको.

राहिले ते तीस रुपये. आम्ही चौघांनी शेवटी शोधलेली युक्ती अशी होती. भाकर घरून आणायची. ती खेड्यात प्रत्येकाच्या घरी सकाळी होतेच, फक्त कोरडी आणायची लाज वाटते. आणि स्टेशनकडच्या एका हॉटेलातून फक्त रस्सा घ्यायचा, एका मोठ्या वाटीत चौघांत. पहिल्या दिवशी मालकाला विचारताना जीभ अडखळली. भाकर बाहेरची, बाकडं त्याचं, आणि विकत काय, तर एक वाटी रस्सा. तो काही बोलला नाही, वाटी भरून आणून ठेवली. निघताना लॅबवाली मैत्रीण पैसे देत होती तेव्हा तो म्हणाला, "उद्या ज्वारीचीच आणजा. गव्हाच्या पोळीचा रश्श्यात लगदा होते."