वायदेमोसाचा मठ आणि अल्फाबियाच्या बागा

स्पेनच्या मायोर्का बेटावर, त्रामुंताना डोंगररांगेत, वायदेमोसाचा मठ आहे. मूळचा हा राजवाडा. अरागॉनचा राजा मार्टिन याने १३९९ मध्ये तो कार्थुसियन साधूंना दिला. एकांत आणि मौन पाळणाऱ्या या पंथात प्रत्येकाला स्वतंत्र निवास असे. मागे भिंतींनी बंदिस्त छोटी बाग आणि तिथून खालच्या दरीचा देखावा. साधूंचे जुने औषधालयही पाहायला मिळते; चिनी मातीच्या बरण्यांनी भरलेले हे दालन घाईत उरकण्यासारखे नाही. १८३५ मध्ये सरकारने मठ ताब्यात घेतला आणि साधू गेले. १८३८-३९ च्या हिवाळ्यात संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज साँ इथे भाड्याने राहिले. मठाची ख्याती मुख्यतः त्यांच्यामुळे; साधूंच्या चार शतकांवर हा जरा अन्यायच! आजारी शोपँला ओल बाधली, पॅरिसहून मागवलेला पियानोही उशिरा पोहोचला. तरी ‘प्रील्यूड’ या लघुरचनांचा संच त्याने इथेच पुरा केला.

याच बेटावर बुन्योला गावाजवळ असलेल्या अल्फाबियाच्या बागांना अरब काळातील पाणी खेळवण्याच्या कलेचा वारसा आहे. डोंगरातले पाणी पाटांनी येते. वेलींच्या मांडवाखाली दगडी खांबांमधून कारंजी उडतात. बेसावध पर्यटक हमखास भिजतो.