‘सान्‌फ्रेच्चे’ : एका जपानी फुटबॉल संघाचे नामचरित्र

जपानमधील हिरोशिमा नगराच्या व्यावसायिक फुटबॉल संघास ‘सान्‌फ्रेच्चे हिरोशिमा’ असे नाव आहे. यांतील ‘सान्’ हा जपानी भाषेतील संख्याशब्द असून त्याचा अर्थ ‘तीन’ असा होतो. ‘फ्रेच्चे’ हे ‘फ्रेच्चा’ म्हणजे बाण या इटालियन नामाचे अनेकवचन होय. ज्या दोन भाषांत कुळाचे काहीही नाते नाही, त्यांचे असे कलम पाहून भाषाशुद्धीचा अभिमान बाळगणारा वाचक नाक मुरडील, हे उघड आहे. परंतु या नावामागे एक खराखुरा व्यावहारिक प्रश्न उभा होता. खेळाडूंचा संघ हा त्यांना वेतन देणाऱ्या कारखान्याचा, की तो ज्या गावात खेळतो त्या गावाचा? हिरोशिमापुरते या प्रश्नाचे उत्तर प्रथम एका नावाच्या रूपाने दिले गेले. म्हणून संघाचा इतिहास नावांच्या अंगाने सांगावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हिरोशिमाचा फुटबॉलशी संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात जपानच्या हाती सापडलेले काही जर्मन सैनिक नगरासमोरील निनोशिमा बेटावर बंदिवान होते. १९१९ च्या जानेवारीत त्यांच्या संघाचे स्थानिक विद्यार्थ्यांशी सामने झाले आणि विद्यार्थी दारुण हरले. शत्रूच्या बंदिवानांकडून हरावे आणि मग त्यांच्याकडूनच खेळ शिकून घ्यावा, यात त्या मुलांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. पुढे १९३८ मध्ये तोयो कोग्यो या स्थानिक कारखान्याने आपल्या कामगारांचा फुटबॉल संघ काढला. आजच्या ‘सान्‌फ्रेच्चे’चे मूळ तेच.

तोयो कोग्यो म्हणजे ‘पौर्वात्य उद्योग’. १९२० साली बुचाच्या मालासाठी निघालेल्या या कारखान्यातून १९३१ मध्ये तीनचाकी मालगाडी बाहेर पडली आणि तिला ‘माज्दा’ असे नाव देण्यात आले. कारखान्याचा चालक हिरोशिमाचाच पुत्र, जूजिरो मात्सुदा. त्याचे आडनाव आणि पारशी धर्मातील अहुरमज्द या परमेश्वराचे नाव या दोहोंचा मेळ या एका शब्दात घातला आहे, असे कंपनी सांगते. येथे भाषाभ्यासकाने क्षणभर थांबावयास हवे. जपानी लिपीत हा शब्द आजही ‘मात्सुदा’ असाच लिहिला व उच्चारला जातो. रोमन लिपीत मात्र तो ‘माज्दा’ होतो. म्हणजे जिभेवर संस्थापक आणि कागदावर देव. अवेस्तेतील ‘अहुर’ हा आपल्या वेदांतील ‘असुर’ होय, जो ऋग्वेदात वरुणादी देवांस लावलेला आदरशब्द होता व पुढे दैत्यवाचक झाला; ‘मज्दा’चे नाते संस्कृत ‘मेधा’शी जोडतात. मुंबईच्या पारशी समाजातील ‘होरमसजी’ हे नावही याच अहुरमज्दावरून आलेले. तेव्हा हिरोशिमाची मोटार आणि गिरगावाजवळच्या अग्यारीतील प्रार्थना या एकाच शब्दाच्या दोन शाखा आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

दि. ६ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे मात्सुदाच्या सत्तराव्या वाढदिवशी, हिरोशिमावर अणुबाँब पडला. कारखाना नगराच्या पूर्वेस, हिजियामा टेकडीच्या आडोशास असल्याने त्याच्या इमारती बहुतांशी बचावल्या. नगरातील शासनयंत्रणा उद्ध्वस्त झाली असल्याने प्रांताचे सरकारी कार्यालय त्याच महिन्यात कारखान्याच्या आवारात आणावे लागले व ते पुढील वर्षापर्यंत तेथूनच चालले. ‘कारखाना आणि गाव यांचा संबंध काय?’ असा प्रश्न त्या दिवसांत कोणी विचारलाच नसता. गावाचा कारभारच कारखान्यात होता.

१९६५ मध्ये जपानमध्ये राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा सुरू झाली. तिच्यात भाग घेणारे आठही संघ कंपन्यांचे होते : पोलाद, विजेच्या तारा, जहाजे, यंत्रमाग, एवढेच काय, एक बँकसुद्धा. नावेही कंपन्यांचीच. या स्पर्धेची पहिली चार अजिंक्यपदे, १९६५ ते १९६८, तोयो कोग्योने ओळीने जिंकली. पहिल्या वर्षी तर एकही सामना न गमावता. १९७० मध्ये पाचवे मिळाले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या जपानी संघात याच कारखान्याचा आरितात्सु ओगी होता, आणि त्या संघाचा मार्गदर्शक केन नागानुमा हा हिरोशिमाचाच. तरीही एक विसंगती राहतेच. हा खेळाडू सकाळी कचेरीत वा यंत्रावर काम करी व सायंकाळी सराव करी. त्याच्या विजयाचे श्रेय कागदोपत्री कंपनीचे होई. आणि गावातील माणूस जेव्हा ‘आपला संघ’ म्हणे, तेव्हा त्याला व्याकरणाच्या दृष्टीने कोणताच आधार नव्हता. षष्ठीचा प्रत्यय दुसऱ्याच नामास लागलेला होता!

मग उतरण आली. १९८० च्या दशकात संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. काझुओ इमानिशी या जुन्या खेळाडूने, ज्याचा डावा पाय बालपणी अणुबाँबच्या आगीत भाजला होता, संघाची सूत्रे सांभाळली आणि १९८४ मध्ये हान्स ओफ्ट या डच प्रशिक्षकास आणले. ओफ्टचे नाव पुढे राष्ट्रीय संघाशी जोडले गेले. त्याच्याच मार्गदर्शनाखाली १९९२ मध्ये जपानने आशिया करंडक प्रथम जिंकला. अंतिम सामना हिरोशिमातच झाला व एकमेव गोल केला तो ताकुया ताकागी या हिरोशिमाच्या खेळाडूने. एखाद्या नगराला आपल्या संघाविषयी ममत्व वाटावयास याहून अनुकूल क्षण मिळणे कठीण.

आणि याच सुमारास नावाचा प्रश्न ऐरणीवर आला. १९९३ मध्ये सुरू होणाऱ्या व्यावसायिक ‘जे-लीग’च्या चालकांनी ठरविले की, संघाच्या नावात कंपनीचे नाव नसावे, स्थळनाम असावे. हा नियम वाटतो तितका निरुपद्रवी नव्हता. पैसा कंपन्यांचाच होता, आणि ज्याचा पैसा त्याचे नाव ही रीत जपानच्या बेसबॉलमध्ये रुळलेली होती. एका बलाढ्य वृत्तपत्रसमूहाने तर आपल्या मालकीच्या संघाचे नाव आपल्या पत्रात जुन्याच पद्धतीने छापण्याचा आग्रह काही काळ धरला. इतरांनी मात्र नवी नावे शोधली, आणि ती बहुधा युरोपीय भाषांतून. ओसाकाच्या संघाने ‘गाम्बा’ घेतले : इटालियनमध्ये ‘पाय’, आणि जपानी कानास ‘गान्‌बारु’, म्हणजे नेटाने झटणे, याची आठवण करून देणारे. काशिमाचा अर्थ ‘हरणांचे बेट’, म्हणून तेथील संघ ‘अँटलर्स’, म्हणजे शिंगे. योकोहामाच्या एका संघाने जर्मन ‘फ्ल्यूगेल्स’, म्हणजे पंख, हे नाव घेतले. १९९८ मध्ये मालकांनी तो संघ शेजारच्या ‘मारिनोस’मध्ये विलीन केला व त्याचे एक ‘एफ’ हे अक्षर तेवढे नव्या नावात उरले. चाहत्यांनी त्या अक्षरावर समाधान मानले नाही. त्यांनी निराळा संघ उभारला. नाव नगराचे असले तरी निर्णय कंपनीचाच असतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

‘माज्दा’ हे नाव सोडून हिरोशिमाने जे नाव घेतले त्याची घडण आता पाहू. जपानी भाषेत ‘तीन बाण’ म्हणावयाचे तर ‘सान्‌बोन् नो या’ असे म्हणावे लागते. संख्येनंतर वस्तूच्या आकारानुसार एक गणकशब्द येतो. लांबट वस्तूंसाठी ‘होन्’, ज्याचे येथे ‘बोन्’ होते. मराठीत याची पुसट छाया ‘तीन जण’, ‘चौघे जण’ यांतील ‘जण’मध्ये दिसते, पण आपण बाणांना ‘जण’ लावीत नाही. ‘सान्‌फ्रेच्चे’त हा गणकशब्द गाळला आहे, म्हणजे जपानी व्याकरण मोडले. उलट ‘फ्रेच्चा’ न म्हणता ‘फ्रेच्चे’ म्हटले. म्हणजे इटालियन अनेकवचन मात्र काटेकोरपणे पाळले. स्वतःच्या भाषेचा नियम सोडावा व परक्या भाषेचा पाळावा, ही गंमत केवळ याच नावात आहे असे नाही. आपल्याकडे ‘डेटा’स अनेकवचनी मानावे की नाही यावर वाद घालणारे विद्वान आपण पाहिले आहेत.

उच्चाराच्या बाजूने मात्र ही निवड कौशल्याची आहे. जपानीत ‘फ्र’ हे जोडव्यंजन नाही, म्हणून तेथे ‘फुरे’ होते. पण इटालियनमधील द्वित्त ‘च्च’ जपानी जिभेस अगदी सहज, कारण द्वित्त व्यंजने त्या भाषेत मुबलक आहेत. ‘सा-न्-फु-रे-च्-चे’ अशा सहा मात्रा होतात. चाहत्यांनी त्यांतील पहिल्या चार ठेवून ‘सान्‌फुरे’ असे लघुरूप केले. लांब शब्द चार मात्रांवर आणणे ही जपानीची नित्याची खोड आहे. संघाचे शुभचिन्ह असलेल्या अस्वलांच्या जोडीस ‘सान्‌चे’ व ‘फ्रेच्चे’ अशी नावे आहेत. पैकी ‘सान्‌चे’ हा शब्द नावाचे डोके आणि शेपूट जोडून केलेला, त्याला कोणत्याच भाषेत अर्थ नाही. जो शब्द लोक असा मोडतात, तो त्यांनी आपला मानला असे खुशाल समजावे.

शुद्धतेविषयीही एक शब्द. ‘सान्’ हा आकडा मूळचा चिनी. अस्सल जपानी शब्द ‘मि’ अथवा ‘मित्सु’. ‘फ्रेच्चा’ हा शब्दही इटालियनने फ्रेंचमधून उचललेला व त्यापूर्वी तो जर्मानिक भाषांतून आलेला. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर ‘पाव’ आणला आणि जपानला ‘पान्’. ‘पावरोटी’ खाणाऱ्याने संकराची फार चर्चा करू नये हे बरे.

परंतु तीनच बाण का? याचे उत्तर इतिहासात आहे, किंवा असे म्हणू की इतिहासाच्या वेशीवर आहे. सोळाव्या शतकात मोरी मोतोनारी (१४९७–१५७१) या सरदाराने या प्रदेशात आपले राज्य उभारले. मृत्युशय्येवर त्याने तिघा पुत्रांस बोलावून प्रत्येकास एकेक बाण मोडावयास दिला, तो मोडला. मग तीन बाण एकत्र दिले, ते मोडेनात. आपल्याकडील म्हातारा शेतकरी व काठ्यांची मोळी ही गोष्ट ज्याने शाळेत वाचली आहे, त्यास हे परिचित वाटेल. दुर्दैवाने हा प्रसंग घडणे शक्य नाही. थोरला पुत्र ताकामोतो हा १५६३ मध्येच, पित्याच्या आठ वर्षे आधी, मरण पावला होता. अकिरा कुरोसावाने १९८५ च्या ‘रान’ या चित्रपटात ही कथा घेतली, तेव्हा धाकट्या पुत्राकडून तिन्ही बाण गुडघ्यावर मोडून दाखविले. कथेवरचा हा सर्वांत बोलका अभिप्राय होय.

बाण खोटे असले तरी पत्र खरे आहे. १५५७ मध्ये मोतोनारीने तिघा पुत्रांस लिहिलेले चौदा कलमांचे उपदेशपत्र उपलब्ध असून त्यात बाणांचा उल्लेख नाही. त्यात चिंता आहे ती नावाची. मोतोहारु व ताकाकागे हे धाकटे दोघे किक्कावा व कोबायाकावा या घराण्यांत दत्तक गेले होते. बाप त्यांना बजावतो की, ती घराणी तात्पुरती समजा. मोरी हे नाव विसरू नका, ते अखेरच्या पिढीपर्यंत टिकले पाहिजे. मोतोनारीचा नातू तेरुमोतो याने १५८९ मध्ये ओता नदीच्या मुखाशी किल्ला बांधावयास घेतला, आणि तेथे ‘हिरोशिमा’, म्हणजे रुंद बेट, हे नगर वसले. संघाचे सरावाचे मैदान आजही मोतोनारीच्या जुन्या किल्ल्याच्या गावी, योशिदा येथे आहे.

नव्या नावाने संघाचे भाग्य लगेच उजळले असे नाही. १९९४ मध्ये हंगामाचा पहिला टप्पा जिंकला. अंतिम लढत गमावली. २००२ आणि २००७ मध्ये पुन्हा खालच्या श्रेणीत जावे लागले. २००८ मध्ये शंभर गुण मिळवून संघ वर आला. त्यानंतर नागासाकीत वाढलेला हाजिमे मोरियासु, जो तरुणपणी ‘माज्दा’तच खेळू लागला होता, प्रशिक्षक झाला आणि २०१२, २०१३ व २०१५ अशी तीन अजिंक्यपदे मिळाली. ही तीन आणि कारखान्याच्या काळातील पाच यांची बेरीज करावी की नाही? नाव बदलले म्हणून संघ बदलला असे मानणारा ती करणार नाही. प्रस्तुत लेखकाचे मत बेरजेच्या बाजूचे आहे; कंपनीचे नाव पुसताना त्या कामगार-खेळाडूंचे श्रेय पुसले जाऊ नये.

राहता राहिला मैदानाचा विषय. संघ अनेक वर्षे नगराबाहेरील डोंगरात, १९९४ च्या आशियाई क्रीडास्पर्धेसाठी बांधलेल्या मैदानावर खेळला. तेथे धावपट्टीमुळे प्रेक्षक खेळापासून दूर पडत. ‘नगराच्या संघास नगरात मैदान हवे’ ही मागणी दीर्घकाळ चालली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सुमारे साडेअठ्ठावीस हजार आसनांचे नवे मैदान उघडले. तेरुमोतोच्या किल्ल्याजवळ, अणुबाँबने भग्न झालेल्या घुमटापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जेथे युद्धापूर्वी लष्कराचे तळ आणि युद्धानंतर निर्वासितांच्या झोपड्या होत्या, त्या भूमीवर ते उभे आहे. त्याचे नाव ‘एडिऑन पीस विंग’. यातील ‘एडिऑन’ ही विद्युत उपकरणे विकणारी, हिरोशिमात मूळ असलेली कंपनी. तीस वर्षांपूर्वी संघाच्या नावातून बाहेर काढलेले कंपनीचे नाव अशा रीतीने इमारतीच्या दारातून परत आले. फरक एवढाच की इमारत नगराची आहे, आणि तिच्यावरील कंपनीचे नाव मुदतीच्या कराराने, मोल देऊन घेतलेले; मोतोनारीच्या पत्रातील शब्द वापरावयाचा तर, तात्पुरते.