वेदनाशामक थेट मेंदूत का देतात?

गारगोटीतल्या मेडिकलमध्ये जुलाब थांबवायला लोपेरामाइडची गोळी मिळते. ती मॉर्फिनच्याच गटातली, म्हणजे ओपिऑइड. मग ती घेऊन गुडघेदुखी का थांबत नाही? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा. नेहमीच्या मात्रेत ती मेंदूत जवळजवळ पोचतच नाही, आतड्यावरच काम करते.

म्हणून नवा रेणू तपासताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. तो मेंदूत पोचतो का? आणि पोचला तर काम करतो का? फक्त दुसऱ्याचं उत्तर हवं असेल, तर औषध थेट मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत, व्हेंट्रिकलमध्ये सोडतात. पेपरमध्ये हे ‘आयसीव्ही’ म्हणून दिसेल. भूल देऊन उंदराचं डोकं स्टिरिओटॅक्सिक चौकटीत बसवायचं, कवटीवरच्या ब्रेग्मा या खुणेपासून अंतर मोजून बारीक नळी बसवायची, डेंटल सिमेंटने पक्की करायची. जखम भरायला काही दिवस द्यायचे. औषध जातं ते जेमतेम काही मायक्रोलिटर, तेही सावकाश.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातून 2009 मध्ये आलेल्या अभ्यासात मज्जातंतूला इजा असलेल्या उंदरांना मॉर्फिन आणि न्यूरोपेप्टाइड वाय याच मार्गाने दिलं. दोन्हींनी वेदना कमी झाली, आणि न्यूरोपेप्टाइड आधी दिल्यावर मॉर्फिनचा परिणाम वाढला. पेप्टाइड तोंडाने दिलं असतं तर पोटातच पचलं असतं!

आता खरी मेख. गरम पृष्ठभागावरून पाय उचलायला उंदराने वेळ लावला, म्हणजे वेदना कमी झाली असं आपण म्हणतो. पण तो गुंगीत असेल तर? स्नायू ढिले पडले असतील तर? उंदीर सांगणार थोडाच! म्हणून फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची रोटारॉड चाचणी सोबत हवीच. तोल गेलेला असेल तर वेदनेच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. शिवाय एका गटाला औषधाविना नुसता द्राव, तोही त्याच नळीतून. शेवटी रंग सोडून नळीची जागा तपासायची. चुकलेली असेल तर त्या प्राण्याचे आकडे बाद.

पाय भाजू नये म्हणून कमाल वेळही आधीच ठरवतात. तेवढ्यात पाय उचलला नाही तरी उंदराला बाजूला घेतात. संस्थेची प्राणी नीतिसमिती हे सगळं प्रस्तावातच विचारते, आणि तिच्या मंजुरीशिवाय एकही प्राणी वापरता येत नाही.